अलेक्झांडर ग्रॅहम बेल

बेल यांचा जन्म १८४७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. त्यांच्या मातोश्रींना फार कमी ऐकू येत असे. पुढे बेल अमेरिकेत बहिऱ्या मुलांचे शिक्षक झाले. फावल्या वेळी ते तारेतून आवाज पाठविण्याचे प्रयोग करीत.

१० मार्च १८७६ रोजी त्यांची हाक यंत्रातून शेजारच्या खोलीत वॉटसन या साहाय्यकास स्पष्ट ऐकू आली. मग जागा बदलून वॉटसन पुस्तकातील उतारा वाचू लागले. आवाज मोठा, पण अस्पष्ट! बेल यांना एखाददुसराच शब्द कळला. शेवटी वॉटसन यांनी, बोललेले समजते का, असे विचारले. ते साधे वाक्य मात्र नीट उमगले. उतारा आधी वाचलेला असता तर प्रत्येक शब्द ओळखता आला असता, अशी नोंद बेल यांनी केली.

ओठांवरून बोलणे जाणणाऱ्या मुलांचीही अडचण अशीच होती. ‘पॅट’, ‘बॅट’, ‘मॅट’ म्हणताना ओठ सारखेच हलतात; नेमका शब्द वाक्याच्या अर्थावरूनच ओळखावा लागतो. म्हणून या मुलांनी पुष्कळ वाचून भाषा आत्मसात करावी, असा बेल यांचा आग्रह असे.

१९२२ साली त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील दूरध्वनी एक मिनिट मूक राहिले.