विदुषी कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला, तेव्हा मी जरा घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लेखणीशी संबंध उरला तो वाण्याच्या यादीपुरता. पण एका थोर बाईंचे चरित्र बरेच दिवस माझ्या मनात घोळत आहे. ते आपणां सर्व भगिनींना सांगावे, म्हणून हे धाडस करीत आहे.

दुर्गाबाई भागवतांचे नाव आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक असेल. त्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव मात्र थोड्याच जणींच्या कानावर आले असेल. मलाही ते माहीत नव्हते. १८ जून २०२३ रोजी माझ्या मुलीने मोबाईलवर गूगलचे पान उघडून दाखवले. त्यावर कमलाबाईंचे चित्र होते. त्या दिवशी त्यांची जयंती होती.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे जाणकार. बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या रसायनशास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. अशा घरात मुलीने शास्त्र शिकायचे म्हटले तर कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी.ची परीक्षा त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि वडील-चुलते शिकले त्याच संस्थेत त्यांनी संशोधनासाठी अर्ज केला.

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी साऱ्या देशाची मान उंच केली होती. पण त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्ज करणारी मुलगी होती म्हणून! दुसरी एखादी मुलगी डोळे पुसत घरी परतली असती. कमलाबाई बंगलोरला गेल्या, संचालकांसमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हलायचे नाही असा त्यांनी सत्याग्रहच धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे. त्या वर्षात काम पसंत पडले तरच पुढे मान्यता. गुरूंनी सांगितले तर रात्री उशिरापर्यंत काम करायचे, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये. भगिनींनो, मनाला केवढा घाव बसला असेल! हा अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत. तरीही अटी मान्य करून त्यांनी काम सुरू केले.

त्यांचे गुरू श्रीनिवासय्या हे शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष संपले तेव्हा रामन यांचीही खात्री पटली आणि त्यानंतर त्या संस्थेची दारे मुलींना उघडली. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

दार उघडले म्हणजे सगळे मिळाले, असे मात्र नाही. पुढे रामन यांच्याच प्रयोगशाळेत अण्णा मणी या बाईंनी मन लावून संशोधन केले. पण एम.एस्सी.ची पदवी नाही, या कारणाने त्यांना पीएच.डी. मिळाली नाही. हवामान खात्यात त्यांनी मोठे नाव कमावले ते त्या पदवीवाचूनच.

१९३७ साली कमलाबाई शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तेथे नोबेल पारितोषिक मिळवणारे हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ नावाचे द्रव्य असते, असे त्यांना आढळले. पेशी श्वास घेते आणि तिला शक्ती मिळते, त्या क्रियेत हे द्रव्य लागते. आपण रोज ज्याची भाजी करतो, त्या बटाट्यात एवढे गुपित दडलेले! अवघ्या १४ महिन्यांत ४० पानांचा प्रबंध लिहून १९३९ साली त्या डॉक्टर झाल्या. केंब्रिजहून शास्त्रात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री हा मान त्यांचा.

त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांनी सांभाळला. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन शाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. पण काम कितीही केले तरी तेथे वर चढण्याची वाट त्यांना दिसेना. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह करून त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या.

मुंबईतले त्यांचे काम आपल्या स्वयंपाकघराला फार जवळचे आहे. आपण वाल भिजवतो, मोड आणतो, सोलतो आणि मग बिरडे शिजवतो. कच्चे वाल बाधतात हे आपल्या आजीलाही ठाऊक होते, पण का बाधतात ते ठाऊक नव्हते. कच्च्या वालात एक द्रव्य असते. प्रथिने पचवणारा जो रस आपल्या पोटात असतो, त्याला ते अडवते. नीट शिजवले की त्याचा जोर जातो. ते द्रव्य वालातून स्फटिकरूपात वेगळे काढल्याचे कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्याने १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध केले.

पूर्वी लोकलच्या स्टेशनांवर नीरेचे स्टॉल असत, ते आपणांस आठवत असेल. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास केला. तिच्यात जीवनसत्त्वे व लोह असून आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना ती गुणकारी ठरते, असे त्यांनी दाखवले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आपल्या उपनगरातली आरे दुग्धवसाहत १९४९ साली उभी राहिली. त्या दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला आणि दूध नासू नये म्हणून उपाय सांगितला.

एवढे असूनही संस्थेचे संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे त्यांना ताटकळत राहावे लागले. संचालक झाल्यावर त्यांनी तो मोठा विभाग समर्थपणे चालवला. पुढे कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीत त्यांनी काम केले. १९६६ साली नऊ बायकांनी स्थापन केलेली ही संस्था. १९८२-८३ साली कमलाबाई तिच्या अध्यक्षा होत्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात ग्राहकांना सावध करणारे लेख त्या लिहीत. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांची प्राणज्योत मालवली.

हे चरित्र वाचताना माझ्या मनात एक विचार येतो. कमलाबाई हुशार होत्याच. पण त्यांना शिकू देणारे घर मिळाले, हातचे न राखता शिकवणारे गुरू मिळाले, शिष्यवृत्ती मिळाली. हुशारीच्या जोडीला हे सारे लागते. पोरबाळ झाल्यावर काम सुटलेल्या शिकलेल्या बायांसाठी केंद्र सरकारने २००२-०३ साली महिला शास्त्रज्ञ योजना काढली, ती याच गरजेतून. १९७३ साली मुंबईत शास्त्रज्ञ बायकांनी आपली संघटना काढली आणि वाशीला नोकरदार बायांसाठी वसतिगृह व पाळणाघर उभे केले. एवढ्या शिकलेल्या बायांनाही शेवटी पाळणाघरच काढावे लागले! कारण बाळाला कोण सांभाळणार, हा प्रश्न सुटल्यावाचून बाई प्रयोगशाळेत पोचत नाही.

भगिनींनो, हे तर आपल्या हातातले काम आहे. आपल्या मंडळाची खोली दुपारी रिकामी असते. परीक्षेला बसणाऱ्या मुलींना तेथे अभ्यासाला बसू द्यावे. एखाद्या शेजारणीची सून पुन्हा नोकरीवर जाऊ पाहत असेल, तर तिचे मूल दोन तास आपण सांभाळावे. त्यासाठी पदवी लागत नाही.

माझी धाकटी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या शिक्षणासाठी बाहेरगावी जायचे म्हणते. घरात अजून हो-नाही चालू आहे. वडीलधाऱ्यांना काळजी वाटते, आणि ती खोटी नाही. पण अर्ज भरायची मुदत याच महिन्यात संपते. तिने अर्ज भरावा, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे, आणि या आठवड्यात सासूबाईंजवळ बसून त्यांना कमलाबाईंची ही गोष्ट सांगणार आहे. वालाचे बिरडे सासूबाईंच्या हातचेच उत्तम होते, तेव्हा सुरुवात तेथूनच करीन.

लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास सर्वांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.