वसईचा सेवाव्रती : संत गोन्सालो गार्सिया

नाताळ जवळ आला की मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीत घरोघरीच्या सज्जांवर कागदी तारे झळकू लागतात. येथून लोकलने विरारच्या दिशेने निघावे, भाईंदर मागे टाकावे, खाडीचा पूल ओलांडावा, की नायगावनंतर वसई येते. अवघे तिसरे स्थानक. आपल्या या शेजारभूमीत जन्मलेल्या एका पुरुषाने ख्रिस्तावरील श्रद्धा रुग्णांच्या सेवेत जगून दाखविली आणि तिच्यासाठी दूरदेशी प्राणही वेचले. तो पुरुष म्हणजे संत गोन्सालो गार्सिया.

गोन्सालोचा जन्म 1556 च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली होती आणि किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा चालत होती. बाळ गोन्सालोचे शिक्षण तेथेच झाले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, 1572 च्या सुमारास, तो आपल्या गुरूंबरोबर जहाजात बसला आणि जपानला पोहोचला. तेथील भाषा त्याने अशी आत्मसात केली की सामान्य जनांशी तो सहज बोलू लागला. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून येशूसंघीयांना साहाय्य केले. त्या संघात दीक्षा मिळावी ही त्याची मनीषा होती. परंतु ती सफल झाली नाही.

निराश झालेल्या तरुणाने व्यापाराची वाट धरली. पूर्वेकडील बंदरांशी त्याचा परिचय होता, भाषा अवगत होती. धंद्याला बरकत आली. आयुष्य सुखात गेले असते. परंतु अंतरीची ओढ शमली नव्हती. अखेर त्याने धंदा सोडला, फिलिपाइन्समधील मनिला गाठले आणि फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. तो धर्मगुरू झाला नाही. झाला तो साधा व्रतस्थ बंधू. वेदीवर मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार अशा बंधूला नसतो. त्याच्या वाट्याला येतात ती घरातली, दारातली आणि रुग्णाच्या उशाजवळची कामे.

1593 मध्ये फिलिपाइन्सच्या गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे वकिलात पाठविली. तिचे प्रमुख होते फादर पेद्रो बाप्तिस्ता आणि दुभाषा म्हणून निवड झाली गोन्सालोची. परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने 1587 मध्येच काढला होता. तरीही या अनवाणी, दरिद्री साधूंना त्याने क्योतो नगरीत राहण्याची मोकळीक दिली. तेथे 1594 मध्ये त्यांचे मंदिर आणि मठ उभा राहिला. त्याच्या आश्रयाने गोरगरिबांसाठी, विशेषतः कुष्ठरोग्यांसाठी, इस्पितळे निघाली. समाजाने ज्यांना उंबऱ्याबाहेर घातले होते, त्यांच्या जखमा तेथे धुतल्या जाऊ लागल्या.

हे कार्य केवळ परदेशी साधूंचे नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. क्योतोतील कित्येक जपानी ख्रिस्ती गृहस्थ, संसार सांभाळून, या सेवेत स्वेच्छेने उतरले होते. पॉल सुझुकी हा त्यांपैकीच एक. एका इस्पितळाची व्यवस्था तो पाहत असे. अशा मंडळींना साधूंशी जोडणारा दुवा म्हणजे त्यांची भाषा जाणणारा हा वसईकर.

1596 च्या ऑक्टोबरमध्ये ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून निकामी झाले. त्यातील माल जप्त झाला आणि त्याबरोबर एक संशय बळावला : आधी धर्मप्रचारक येतात आणि मागाहून सैन्य. हा संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. त्या युगात क्रूस आणि तलवार पुष्कळदा एकाच जहाजातून प्रवास करीत. खुद्द वसईचा किल्ला त्याची साक्ष देतो. परंतु त्या संशयाची शिक्षा भोगावी लागली ती जखमा धुणाऱ्या हातांना.

डिसेंबरच्या प्रारंभी मठावर पहारा बसला. त्या वर्षीचा नाताळ गोन्सालोने आणि त्याच्या बांधवांनी पहाऱ्यातच साजरा केला. जानेवारी 1597 मध्ये क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचे तुकडे छाटण्यात आले आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीकडे त्यांची धिंड निघाली. प्रवास सुमारे महिनाभर चालला. चोवीस जण निघाले होते; वाटेत आणखी दोघांची भर पडली. या सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन आणि तीन येशूसंघीय. उरलेले सतरा साधे प्रापंचिक. पॉल सुझुकी त्यांच्यात होता आणि अवघ्या बारा वर्षांचा लुई इबाराकीही होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसावर बांधून भाल्यांनी विंधण्यात आले. गोन्सालोचे वय तेव्हा चाळिशीच्या आसपास होते.

1627 मध्ये या रक्तसाक्षींना धन्य घोषित करण्यात आले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेला हा पहिला संत. पुढे 2008 मध्ये केरळच्या अल्फोन्सा यांना संतपद मिळेपर्यंत हा मान एकट्या वसईच्या सुपुत्राकडे होता. वसईच्या किल्ल्यातील भग्न मंदिर आणि गास गावचे चर्च आजही त्याचे नाव सांगतात.

आपण त्याचे स्मरण बहुधा क्रुसावरील मरणासाठी करतो. परंतु ते मरण एका दिवसाचे होते. त्यामागची सेवा कित्येक वर्षांची. दीक्षा नाकारली गेली म्हणून त्याची श्रद्धा थांबली नाही, पैसा मिळाला म्हणून ती निजली नाही. गोठ्यात जन्मलेल्या बाळाला त्याने कुष्ठरोग्यांच्या खाटेपाशी ओळखले. आपल्या वसाहतीतही कुणी एकटा वृद्ध खिडकीशी बसून असेल, इस्पितळात कुणाच्या उशाशी माणूस नसेल. नाताळच्या रात्री मिस्साहून परतताना त्या दारावर थाप मारावी. खाडीपलीकडच्या या शेजाऱ्याचे स्मरण त्याहून चांगले दुसरे कोणते असणार?