जेसी ओवेन्स

अमेरिकेच्या दक्षिण भागात ॲलाबामा नावाचे राज्य आहे. तेथील ओकव्हिल या खेड्यात १२ सप्टेंबर १९१३ रोजी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात एक मुलगा जन्मास आला. त्याचे आजोबा गुलामगिरीत जन्मले होते, आणि वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसून कसाबसा संसार चालवीत. हा मुलगा भावंडांत सर्वांत धाकटा व प्रकृतीने अशक्त होता. तरीही कापूस वेचण्याच्या कामी त्यालाही हात लावावा लागे.

मुलाचे नाव जेम्स क्लीव्हलंड ओवेन्स. पण घरी त्याला जे. सी. म्हणत. तो नऊ वर्षांचा असताना पोटापाण्यासाठी हे कुटुंब उत्तरेकडील क्लीव्हलंड शहरी गेले. तेथील शाळेत बाईंनी त्याला नाव विचारले. त्याच्या दक्षिणी उच्चारामुळे बाईंना ते ‘जेसी’ असे ऐकू आले, आणि पुढे तेच नाव जगभर गाजले.

शाळेतील व्यायामशिक्षक चार्ल्स रायली यांनी जेसीचे चापल्य हेरले. सायंकाळी सर्व मुले धावण्याचा सराव करीत. परंतु शाळा सुटताच जेसीला जोडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला जावे लागे. तेव्हा रायलींनी त्याच्यासाठी पहाटेची वेळ ठरविली. शाळा भरण्यापूर्वी गुरू व शिष्य असे दोघेच सराव करीत. हा क्रम खंड न पडता चालू राहिला.

या तपश्चर्येचे फळ १९३३ साली मिळाले. शिकागो येथे शाळांच्या राष्ट्रीय सामन्यांत जेसीने १०० यार्डांची शर्यत ९.४ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रमाशी बरोबरी साधली. २२० यार्डांची शर्यत व लांब उडी यांतही तोच पहिला आला. साहजिकच अनेक महाविद्यालयांना हा विद्यार्थी हवासा वाटू लागला. त्याने कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला.

अशा गुणी खेळाडूच्या शिक्षणाचा भार विद्यापीठ उचलील, असे कोणासही वाटेल. पण जेसीला शिष्यवृत्ती मिळाली नाही. फी व जेवणखाण यांसाठी त्याला पडेल ते काम करावे लागले. राज्याच्या विधानभवनात तो सामानाची लिफ्ट चालवी. शिवाय वर्णभेदामुळे त्याला गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबर वसतिगृहात राहता येत नसे. परगावी सामन्यांस गेल्यावरही त्याच्या राहण्याजेवणाची सोय अनेकदा वेगळी असे. काम, अभ्यास व सराव यांची ओढाताण होई. तरी त्याने मैदान सोडले नाही.

२५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे सामने होते. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडल्यामुळे जेसीची पाठ दुखत होती. तशाही स्थितीत अवघ्या पाऊण तासात त्याने तीन जागतिक विक्रम मोडले व एकाशी बरोबरी केली. त्या दिवशी त्याने एकच लांब उडी मारली. ती २६ फूट ८.२५ इंच भरली, आणि तो विक्रम पुढे २५ वर्षे अबाधित राहिला.

१९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले. गोरा वंश श्रेष्ठ, असा हिटलरच्या राजवटीचा डांगोरा होता. त्याच भूमीवर जेसीने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी व सांघिक शर्यत यांत चार सुवर्णपदके पटकाविली. लांब उडीत हरलेला जर्मन खेळाडू लुट्स लाँग याने सर्वांसमक्ष त्याचे मनापासून अभिनंदन केले.

पदकांनी कीर्ती मिळाली, पण पोट भरले नाही. पदवी हाती नव्हती, व मायदेशी वर्णभेद तसाच होता. उपजीविकेसाठी त्यांना घोड्यांबरोबर शर्यती धावण्याचीही पाळी आली. पुढे मात्र दिवस पालटले. १९५५ साली ते अमेरिकेचे सदिच्छादूत म्हणून भारतातही येऊन गेले. ज्या विद्यापीठाची पदवी अपुरी राहिली होती, त्यानेच १९७२ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

३१ मार्च १९८० रोजी जेसी ओवेन्स यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या नावाने एक संस्था स्थापन झाली व तिने गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. लिफ्ट चालवून फी भरणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या नावाने इतरांच्या शिक्षणाची वाट सुकर झाली.