वादळाचे बारसे करणारा माणूस

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. एरवी हे दिवस आगोटीचे. होड्या ओढून शाकारायच्या, लाकूडफाटा आणि सुकी मासळी घरात भरून ठेवायची आणि पावसाची वाट पाहायची. पावसाच्या आधीच हे संकट यावे, याचे पुष्कळांना नवल वाटले. मला मात्र त्या तारखेने एका माणसाची आठवण करून दिली. १८३९ साली याच ३ जूनला बंगालच्या उपसागरात एक तुफान उठले होते आणि ते ५ तारखेपर्यंत चालले होते. त्या तुफानाचा माग काढण्यापासून ज्याचे खरे काम सुरू झाले, तो हेन्री पिडिंग्टन. ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला दिला तो यानेच, आणि तोही कलकत्त्यात बसून.

पिडिंग्टनचा जन्म १७९७ सालचा, इंग्लंडमधला. व्यापारी जहाजांवर कप्तान म्हणून त्याने समुद्र पाहिला आणि पुढे तो बंगालमध्ये स्थायिक झाला. वनस्पती, खनिजे, दगडधोंडे अशा सगळ्यांतच त्याला रस. कलकत्त्याच्या भूगर्भविषयक संग्रहालयाची व्यवस्था त्याच्याकडे होती. जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचाही तो अध्यक्ष झाला. बुडालेल्या जहाजांच्या कहाण्या ऐकणे हा त्याच्या नोकरीचाच भाग होता म्हणा ना.

१८३८ साली विल्यम रीड या लष्करी इंजिनिअरचे वादळांच्या नियमांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मोठी वादळे सरळ रेषेत वाहत नाहीत, ती एका केंद्राभोवती गरगर फिरतात, असे रीडने वेस्ट इंडिजकडच्या वादळांवरून दाखवले होते. पिडिंग्टनने ठरवले, आपल्या समुद्रातही हे खरे आहे का ते पाहायचे. पुढच्याच वर्षी जूनमधले ते तुफान आले आणि त्याच्या हाती पहिले प्रकरण लागले.

त्याची पद्धत वाचताना मला बँकेतले दिवस आठवतात. शाखाशाखांच्या परस्पर खात्यांचा मेळ घालायला बसलो, की प्रत्येक शाखेची नोंद आपापल्या जागी बरोबर दिसे. पण सगळी पाने शेजारी ठेवल्याशिवाय घोळ उलगडत नसे. पिडिंग्टननेही हेच केले. तुफानात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या त्याने मिळवल्या. अमुक दिवशी, अमुक तासाला जहाज कुठे होते, वारा कोणत्या दिशेचा होता, वायुभारमापकातला पारा किती उतरला होता, हे नकाशावर मांडले. एकाकडे वारा पूर्वेचा, दुसऱ्याकडे त्याच वेळी पश्चिमेचा. कोणी खोटे बोलत नव्हते. सगळे एकाच चक्राच्या वेगवेगळ्या बाजूंना होते, इतकेच!

हा मेळ त्याने एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला, आणि मग एकामागून एक वादळांवर लिहीत गेला. १८४५ साली मॉरिशसजवळ ‘चार्ल्स हेडल’ नावाचे जहाज वादळात सापडले आणि वाऱ्यापुढे धावताना दिवसच्या दिवस एकाच केंद्राभोवती गोल गोल फिरत राहिले. त्याच्या रोजनिशीने पिडिंग्टनला जणू वादळाची आकृतीच काढून दिली. वेटोळे घातलेल्या सापाची कल्पना मनात ठेवून त्याने ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ हे नाव घडवले आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ते छापले. आपल्या ‘चक्रीवादळ’ या शब्दातही तेच चक्र आहे.

या पुस्तकाला त्याने नाव दिले ते मुलांच्या मुळाक्षरांच्या पाटीचे. इंग्लंडात पूर्वी बाराखडीच्या कागदावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पत्रा बसवत. तिला ‘हॉर्नबुक’ म्हणत. पिडिंग्टनने शिंगाच्या तशाच पारदर्शक चकत्या कप्तानांना दिल्या. त्यांवर वाऱ्याच्या दिशांची वर्तुळे कोरलेली. चकती नकाशावर ठेवायची आणि आपला वारा जुळवायचा, की वादळाचे केंद्र कुठे असेल ते कळे. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते. वारा ईशान्येकडून येत असेल आणि आपण त्याला तोंड करून उभे राहिलो, तर केंद्र साधारण उजव्या हाताला, म्हणजे आग्नेयेला. थोड्या वेळाने वाऱ्याची दिशा बदलली, की ते कुठे सरकते आहे याचाही अंदाज येई. तारायंत्र नाही, उपग्रह नाही. भर समुद्रात एकट्या माणसाने स्वतःपुरते हवामानखाते चालवायचे, अशी ही सोय होती.

जूनच्या आरंभीचे तुफान हा तसा अपवाद नव्हता. आपल्या दोन्ही समुद्रांत वादळांचे दोन हंगाम असतात: एक मोसमी पावसाच्या आधी आणि त्याच्या आगमनाच्या सुमारास, दुसरा पाऊस परतल्यावर. मे महिन्यात समुद्र तापलेला असतो. वादळाला साधारण २६-२७ अंशांहून अधिक उष्ण पाणी लागते, ते तेव्हा भरपूर मिळते. मोसमी वारे एकदा जोरात सुरू झाले, की खालचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या दिशेचा अशी ओढाताण होते आणि चक्राला सहसा उंच उभे राहता येत नाही. म्हणून वादळांचे पहिले लक्षण पाहायचे ते आगोटीच्या तोंडावर.

पिडिंग्टनच्या आयुष्यातला खरा कसोटीचा प्रसंग मात्र जमिनीवरचा आहे. हुगळी नदी गाळाने भरेल या भीतीने सरकारला सुंदरबनात, मातला नदीवर नवे बंदर बांधायचे होते. पिडिंग्टनला वाऱ्यापेक्षा पाण्याची धास्ती अधिक. वादळ उथळ समुद्रातले पाणी ढकलत आणते आणि निमुळत्या किनाऱ्यावर त्याची भिंत उभी राहते, हे त्याने जुन्या नोंदींत वाचले होते. १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला जाहीर पत्र लिहून सावध केले. इथे वस्ती केलीत तर एके दिवशी ती पाच ते पंधरा फूट खाऱ्या पाण्याखाली जाईल, असा त्याचा इशारा होता. कोणी ऐकले नाही. १८५८ साली, साठीच्या आसपास, कलकत्त्यातच पिडिंग्टन वारला.

बंदर झाले. पुढच्या गव्हर्नर जनरलच्या नावावरून त्याला पोर्ट कॅनिंग म्हणू लागले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत वाहत होता, त्या शेअरच्या वेडात पोर्ट कॅनिंग कंपनीच्या शेअरांवरही मुंबईकरांच्या उड्या पडल्या. जोखीम लेखी सांगितली गेली होती. पण भाव वर चाललेला असताना जुने पत्र कोण वाचतो? १ नोव्हेंबर १८६७ च्या रात्री वादळ आले. लाट सुमारे सहा फुटांचीच होती, पण तेवढीही पुरली. काही वर्षांतच बंदर सोडून देण्यात आले.

दरम्यान ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्ता भागात हजारो बळी घेतले, तेव्हा सरकार जागे झाले. त्यानंतर कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्यांची व्यवस्था झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले.

आज उपग्रह आकाशातून पाहतात आणि वादळाची वाट काही दिवस आधी सांगता येते. १९९९ साली ओडिशात महावादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी त्याच राज्यात लाखो लोकांना वेळेत हलवले आणि बळींचा आकडा पन्नासच्या आत राहिला. याउलट मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’चा इशारा काही दिवस आधी दिलेला असूनही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातला पी-३०५ हा तराफा समुद्रातच राहिला आणि त्यावरचे सत्तरच्या आसपास लोक गेले.

बंदरावर बावटा चढतो, आकाशवाणी सूचना देते, कोळीवाड्यात दवंडी फिरते. तेव्हा आलेली होडी पुन्हा आत ढकलायची की नाही, हा निर्णय शेवटी माणसालाच घ्यायचा असतो. पिडिंग्टनने शिंगाच्या चकत्या वाटल्या होत्या त्या यासाठीच. ज्यांनी त्या नकाशावर ठेवून पाहिल्या, त्यांना निदान आपण कुठे उभे आहोत ते कळत होते.