डॉक्टरकी न जमलेल्या एल्टन मेयोने सांगितलं, कामगाराला फक्त पगार नको असतो. पण पगाराचं काय?

टीम लंच, एम्प्लॉयी सर्व्हे, बॉससोबत वन-ऑन-वन. आज कुठल्याही मोठ्या कंपनीत हे चालतं. माणूस फक्त पैशासाठी राबत नाही, त्याची दखल घेतली की तो जास्त काम करतो, असा त्यामागचा विचार.

हा विचार बिझनेस स्कूलमध्ये रुजवण्यात सगळ्यात मोठा वाटा होता एल्टन मेयोचा.

मेयो १८८० साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये जन्मला. आजोबा सर्जन, बहीण हेलनही पुढे नावाजलेली डॉक्टर झाली. हा गडी मात्र ॲडलेडला नापास झाला. मग एडिंबरा झालं, लंडन झालं, तिथेही शिक्षण अर्धवटच. शेवटी तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र शिकून तो ब्रिस्बेनमध्ये प्राध्यापक झाला. पहिल्या महायुद्धातून मानसिक धक्का घेऊन परतलेल्या सैनिकांवर तिथल्या एका डॉक्टरसोबत त्याने उपचार केले. कामगारांचा असंतोष हाही एक प्रकारचा मानसिक आजारच आहे, असं त्याचं मत बनत गेलं.

१९२२ मध्ये तो अमेरिकेला गेला. फिलाडेल्फियातल्या एका कापड गिरणीत सूतकताईच्या खात्यात माणूस टिकत नव्हता, एकेका जागेवर वर्षात दोन-अडीच माणसं बदलायची. मेयोने दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं पडून राहण्याची सुट्टी द्यायला लावली. गळती थांबली, उत्पादन वाढलं. १९२६ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्याला बोलावून घेतलं.

आता येतो शिकागोजवळचा हॉथॉर्न कारखाना. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी इथे टेलिफोनचं सामान बनवायची. १९२७ मध्ये कंपनीने टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून प्रयोग सुरू केला. विश्रांती दिली, खाणं दिलं, कामाचे तास कमी केले. उत्पादन वाढलं. मग सगळ्या सवलती काढून घेतल्या. तासाचा वेग किंचित उतरला, पण तास वाढल्यामुळे आठवड्याचा आकडा विक्रमी झाला.

मेयो १९२८ मध्ये इथे पोहोचला. त्याने अर्थ लावला की, या मुलींचं कुणीतरी ऐकून घेतलं, त्यांचा एक गट बनला, म्हणून काम वाढलं. १९३३ च्या त्याच्या पुस्तकानंतर हे जगभर पसरलं.

पण या गोष्टीत दोन मुली नेहमी मागे राहतात. जास्त बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून जानेवारी १९२८ मध्ये त्यांना खोलीतून काढलं होतं. त्यांच्या जागी आलेल्या दोघींपैकी एकीवर घर चालवायची वेळ आली होती. ती वेगाने काम करायची आणि इतरांनाही दामटायची. शिवाय या मुलींचा मोबदला बदलून त्यांच्या छोट्या गटाच्या कामावर ठरवला होता, म्हणजे जास्त काम केलं की पैसा थेट हातात. आनंदी गटाच्या गोष्टीत हे बसवणं अवघडच.

१९३१-३२ मध्ये त्याच कारखान्यात १४ पुरुषांवर नजर ठेवली गेली. त्यांनी आपापसात ठरवून काम मर्यादेत ठेवलं होतं. कुणी जास्त वेग दाखवला की सोबती त्याच्या दंडावर बुक्की मारायचे. जास्त काम केलं तर दर कापतील किंवा नोकरी जाईल, ही त्यांची धास्ती. मेयोच्या गटाला यात भावना जास्त आणि तर्क कमी दिसला. बाहेर महामंदी होती आणि कारखान्यात कपात चालू होती, त्यामुळे धास्ती फार चुकीची नव्हती. युनियन या विषयाला तर मेयोच्या लिखाणात फारशी जागाच नाही.

मालकांना हा माणूस आवडणं साहजिक होतं. पगारवाढीपेक्षा चौकशी स्वस्त पडते.

१९४७ ला निवृत्त होऊन तो इंग्लंडला गेला आणि १९४९ मध्ये गिल्डफर्डला वारला. हॉथॉर्न इफेक्ट हे नाव रूढ झालं ते त्यानंतर. १९६७ मध्ये ॲलेक्स केरी या ऑस्ट्रेलियातल्याच अभ्यासकाने या प्रयोगांचे प्रसिद्ध झालेले अहवाल तपासून पैसा आणि कडक देखरेख यांकडे बोट दाखवलं. १९७८ मध्ये रिचर्ड फ्रँके आणि जेम्स कौल यांनी आकडेमोड केली. त्यात उत्पादनवाढीचा मोठा भाग शिस्त, मंदी आणि विश्रांती या तीन गोष्टींतच निघाला.