डॉ. वसंत रामजी खानोलकर

पवनी हें वैनगंगेच्या कांठचें जुनें गांव. येथील हातमागांवर पिढ्यान्‌पिढ्या वस्त्रें विणलीं गेलीं. धोतराची घट्ट गांठ कमरेच्या एकाच जागीं वर्षानुवर्षें घासल्यानें तेथील कातडीस कर्करोग जडूं शकतो, ही गोष्ट १९४५ सालीं एका सहकाऱ्यासह शास्त्रज्ञांपुढें मांडणाऱ्या डॉ. खानोलकरांचें चरित्र येथील विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजीं क्वेट्टा येथें झाला. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रांतील एम्. डी. पदवी त्यांनीं १९२३ मध्यें मिळविली. पुढें मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें. १९४१ मध्यें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

निरनिराळ्या समाजांत निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग अधिक आढळत. हा दोष रक्ताचा कीं राहणीचा? खानोलकरांनीं दोन्ही बाजू तपासल्या. धोतर, खैनी व चुट्टा यांचे परिणाम त्यांनीं पाहिले. तसेंच १९४९ मध्यें डॉ. संघवी यांच्यासह मुंबईंतील सहा जातिसमूहांच्या सात आनुवंशिक गुणांची माहिती प्रसिद्ध केली. १९५२ मध्यें त्यांच्या पुढाकारानें भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें. १९५४ मध्यें त्यांस पद्मभूषण मिळालें, व १९६० ते १९६३ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजीं ते निवर्तले.

ज्या वर्षीं ते जन्मले, त्याच वर्षीं जर्मनींत लुडविग रेन या शस्त्रवैद्यानें रंगाच्या कारखान्यांतील कामगारांस होणारा मूत्राशयाचा कर्करोग नोंदविला होता. पण एकाच भट्टीपाशीं राबणाऱ्यांपैकीं एकास रोग व्हावा, दुसऱ्यास न व्हावा, हें कां? याचें उत्तर अंशतः १९८२ मध्यें इंग्लंडांत मिळालें. रंगद्रव्यांशीं काम केलेल्या २३ रुग्णांपैकीं २२ जणांच्या यकृतांतील एक विकर तीं द्रव्यें निर्विष करण्याचें काम मंद गतीनें करी. ही मंदता आईबापांकडून येते, व जन्मभर टिकते.

सारांश, रक्त व राहणी हीं दोन्हीं कारणें खरीं ठरलीं. मात्र रक्त बदलणें कोणाच्या हातीं नाहीं. विषारी द्रव्य कारखान्यांतून काढणें मालकाच्या व सरकारच्या हातीं आहे. म्हणून मंद विकराच्या कामगारास कामावरून दूर करणें हा अन्याय होय; द्रव्य दूर करणें हाच खरा उपाय. रोग्याच्या कुळाबरोबर त्याचें काम व संवय विचारण्याची जी शिस्त खानोलकरांनीं घातली, तिचें मोल येथें कळतें.