समाधी नसलेला माणूस : थॉमस पेन

८ जून हा थॉमस पेन यांचा स्मृतिदिन. महात्मा फुले यांच्या चरित्रात हे नाव आपण वाचलेले असते, पण त्यापलीकडे ओळख नसते. मोठ्या माणसाच्या समाधीवर जाऊन अभिवादन करण्याची रीत जगभर आहे. लंडनला गेलेला कार्यकर्ता हायगेटला मार्क्सच्या कबरीवर जाऊन येतो. पेन यांच्या बाबतीत ते शक्य नाही. त्यांना जिथे पुरले, तिथे आज त्यांचा देह नाही.

पेन यांचा जन्म १७३७ साली इंग्लंडमधील थेटफर्ड या गावी झाला. वडील कॉर्सेट शिवणारे कारागीर. शाळा लवकर सुटली आणि मुलगाही त्याच धंद्याला लागला. पुढे अबकारी खात्यात नोकरी मिळाली. तिथल्या कर्मचाऱ्यांचा पगार वाढावा म्हणून त्यांनी १७७२ साली पुस्तिका लिहिली. दोन वर्षांनी नोकरी गेली. बेंजामिन फ्रँकलिन यांचे शिफारसपत्र घेऊन ते १७७४ च्या अखेरीस अमेरिकेत पोहोचले.

१७७६ च्या जानेवारीत त्यांची 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका आली. केवळ जन्माच्या आधारावर कोणी राज्य करावे, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी साध्या माणसाला कळेल अशा भाषेत मांडले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा विचार त्यामुळे घरोघरी गेला.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूने त्यांनी १७९१ आणि १७९२ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ दोन भागांत लिहिला. वृद्धांना निवृत्तिवेतन आणि गरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी सरकारी मदत मिळावी, ही मागणी त्यात आहे. ही मदत म्हणजे दया नसून हक्क आहे, असे ते सांगतात. इंग्लंडच्या सरकारने त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि त्यांच्या गैरहजेरीत त्यांना दोषी ठरवले. फ्रान्सने त्यांना आपल्या संसदेत निवडून घेतले. पण राजाला फाशी देऊ नका, असे तिथे सांगण्याचे धैर्यही त्यांनी दाखवले. पुढे १७९३ च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली आणि जवळपास दहा महिने ते पॅरिसच्या तुरुंगात होते.

याच काळात 'एज ऑफ रीझन' प्रसिद्ध झाले. पेन नास्तिक नव्हते. एक निर्माता ते मानत, मात्र धर्मग्रंथ ईश्वराने दिले हा दावा आणि पुरोहितांची सत्ता त्यांनी नाकारली. याची किंमत त्यांना मोजावी लागली. १८०२ मध्ये ते अमेरिकेत परतले, तेव्हा ज्या देशासाठी लेखणी झिजवली तिथेच लोक त्यांना टाळू लागले. १८०९ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. क्वेकर पंथीयांनी आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही, म्हणून न्यू रोशेल येथील त्यांच्या शेतातच त्यांना पुरले. अंत्ययात्रेला मोजकी माणसे होती आणि त्यांत दोन कृष्णवर्णीय होते.

पुढची गोष्ट विलक्षण आहे. विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने पूर्वी पेन यांची बदनामी करणारे चरित्र लिहिले होते. नंतर त्याचे मत पालटले. १८१९ मध्ये त्याने पेन यांची कबर खणली, अस्थी पेटीत भरल्या आणि भव्य स्मारक बांधण्यासाठी इंग्लंडला नेल्या. लोकांनी टिंगल केली आणि स्मारक झाले नाही. १८३५ मध्ये कॉबेट वारला, तेव्हा पेटी तशीच पडून होती. पुढे त्या अस्थी कुठे गेल्या, हे आजवर कुणालाही नक्की सांगता आलेले नाही.

कॉबेटच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १८४७ च्या सुमारास, पुण्यात विशीतल्या जोतीरावांनी 'राइट्स ऑफ मॅन' वाचले. १८४८ मध्ये मुलींची शाळा उघडली. पुढे त्यांनी मांडलेला 'निर्मिक' आणि केलेली पुरोहितशाहीची चिकित्सा वाचताना पेन आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्याच जोतीरावांना बाबासाहेबांनी आपले गुरू मानले. ज्यांच्या अस्थी हरवल्या, त्यांचा विचार समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत आला तो एका पुस्तकातून.

तथागतांच्या अस्थींवर स्तूप उभे राहिले. पण आपल्यामागे धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ता असतील, हे त्यांनी आनंदाला आधीच सांगून ठेवले होते. आपल्या समाजाने ते ओळखले आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर तासन्‌तास रांगेत उभी राहिलेली माणसे शिवाजी पार्कवर पुस्तके विकत घेऊनच गावी परततात.

मात्र पुतळा आणि स्मारक यांसाठी जेवढी वर्गणी आपण सहज गोळा करतो, तेवढी वस्तीतल्या वाचनालयासाठी होते का? विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे किती तरुणांना ठाऊक आहे? स्मारके हवीतच. पण कॉबेटची पेटी लक्षात ठेवूया. येत्या ८ जूनला पेन यांना अभिवादन करायचे असेल, तर ते कपाट उघडावे आणि चारजणांनी बसून काहीतरी वाचावे.